गोविंदाच्या आधीचा आवाज

माझा उजवा गुडघा दुखतो, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, बाईनं लपवलं. ढगाळ हवेत दुखतो, जिना चढताना दुखतो, आणि कुणी ‘आता वय झालं’ म्हणालं की हटकून दुखतो. पण ब्रेक दाबताना तो कधीही दुखला नाही. एवढं एक साधं वाक्य आमच्या घरच्यांच्या गळी उतरवायला मला सगळा उन्हाळा लागला.

मी मूळची मिरजेची. वडिलांची पिठाची गिरणी होती आणि भावाचा टेम्पो. त्या टेम्पोवर मी गाडी शिकले. भाऊ शेजारी बसून ओरडायचा आणि मी त्याच्या दुप्पट ओरडायची. लग्न होऊन कुंभकोणमला आले ती मराठी घरातच, पण ही मराठी माणसं इथे मराठी राजे होते त्या काळात इकडे आलेली. घरात त्यांची जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. पहिल्या वर्षी मला वाटायचं, मी एखाद्या बखरीत नांदायला आलेय. आता मिरजेची भावजयच फोनवर म्हणते, “वन्सं, तुम्ही काय बोलता ते निम्मं कळत नाही.”

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि पूर्णवेळ विठ्ठलाचे झाले. भजनात पहिला आवाज ह्यांचा. खणखणीत, रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारा. वाहनाचं म्हणाल तर सायकलच्या पुढे ह्यांची मजल गेली नाही. त्यामुळे भजनी मंडळासाठी जुनी व्हॅन घ्यायचं ठरलं तेव्हा ती चालवणार कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

व्हॅन आधी एका शाळेची होती. वरून पांढरा रंग मारलाय, पण दार उघडलं की कडेला शाळेचा पिवळा अजून दिसतो. मागच्या सीटच्या पाठीवर कुण्या कार्ट्यानं करकटकानं हत्ती कोरलाय, तो मी बुजवू दिला नाही. दर एकादशीला आणि शनिवारी आमची मंडळी तिच्यातून निघतात. कधी तिरुनागेश्वरम्, कधी स्वामीमलै, कधी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला. मधल्या दिवसांत बाहेरगावचे यात्रेकरू असतात, त्यांना नवग्रहांच्या देवळांना फिरवून आणते. ह्या गावात मला ‘व्हॅनवाली अम्मा’ म्हणतात, आणि खरं सांगते, मला ते फार आवडतं. उभ्या आयुष्यात मला स्वतःच्या नावानं मिळालेलं ते एकच पद.

गाडीतली सगळ्यात मानाची जागा ह्यांच्या आत्याची. आत्याबाई आमच्याकडेच असतात. ऐंशी कधीच उलटली, कानाला कमी ऐकू येतं, आणि बसची पायरी चढणं आता त्यांना जमत नाही. त्यांच्यासाठी गाडीत एक लाकडी पाट ठेवलेला. तो खाली ठेवायचा, त्यावर पाय देऊन त्या वर यायच्या, मग पाट आत घ्यायचा. व्हॅन आली आणि किती वर्षांनी त्या देवळात गेल्या. त्या दिवशी परत येताना वाटभर त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, मी गाडी चालवतेय ह्याचं भानच नव्हतं त्यांना.

आता आमची रीत सांगते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. आमच्या मंडळात कोणतंही काम गोविंदाशिवाय सुरू होत नाही. ताट वाढलं तरी गोविंदा, पेटी उघडली तरी गोविंदा. मग गाडी तरी कशी सुटेल? मी चावीला हात लावला की हे पुढच्या सीटवर मांडी ठोकून, सीटबेल्ट लावून, डोळे मिटून आवाज टाकायचे, “गोपिका जीवन स्मरणम्!” आणि मागून सगळ्या बायका टाळ वाजवत, “गोविंदाऽ गोविंदा!” त्या गजरात मी सेल्फ मारायची. आत्याबाईंचा गोविंदा सगळ्यांचा संपल्यावर एकटाच यायचा, की समजायचं आता निघायचं. मी एकटी डिझेल भरायला निघाले तरी स्वतःशी मोठ्यानं गोविंदा म्हणायची. पंपावरचा माणूस दुरूनच हात जोडायचा.

चैत्राच्या सुमारास गाडीचं दुखणं सुरू झालं. आधी स्टार्टिंगचं. तिरुनागेश्वरम्‌ला राहूचं दर्शन झालं, प्रसाद झाला, सगळे गाडीत बसले, गोविंदा झाला, मी चावी फिरवली आणि आतून नुसतं ‘टक’. पुन्हा गोविंदा. पुन्हा टक. तिसऱ्या गोविंदाला देवळाबाहेरचा फुलवाला हसायला लागला. शेवटी चार यात्रेकरूंनी आपल्या वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं, वर खोचली आणि धक्का मारला. राहूला दूध वाहून आलेली माणसं, त्यांना वाटलं हीसुद्धा एक सेवाच.

बॅटरीवाल्याकडे नेली. त्यानं नवी बॅटरी घातली. थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा टक. पुन्हा नेली. त्यानं बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली, सकाळी गाडी एका झटक्यात सुरू करून दाखवली. “बॅटरीत दोष नाही अम्मा,” तो म्हणाला. “तुम्ही जवळजवळ जाता, सारखं थांबता. लांब जात जा.” आता काय, ह्याच्या बॅटरीसाठी एकादशी काशीला करायची?

मग ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक झकास. पण बाजारात शिरलं, पुढे भाजीची गाडी, मागे बस, दर दहा पावलांवर थांबायचं, असं झालं की पेडल हळूहळू कठीण होत जायचं. पाय दाबतेय तरी आत जात नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंगला धरून, सीटवरून उठून दाबायची मी. गाडी थांबायची, पण माझ्या मनाला पाहिजे तिथे नाही, तिच्या मनाला पाहिजे तिथे.

ब्रेकवाल्याचं शेड बॅटरीवाल्याच्या समोर, मधे फक्त रस्ता. पण ह्याचं तोंड त्याला चालत नाही, त्याचं ह्याला. ब्रेकवाल्यानं चारही चाकं खोलली, लाइनर बदलले, ऑइल बदललं. शेजारी पितळी भांडी ठोकण्याचा कारखाना, तिथे आपला स्वतःचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या ठणठणाटात त्यानं मला ओरडून ब्रेकची सगळी रचना समजावली. इंजिनपाशी एक छोटा पंप असतो, तो हवा ओढून घेतो, त्या ओढीनं ब्रेकला बळ मिळतं, म्हणून तर एवढी जड गाडी बाईच्या पायानं थांबते. बाईच्या पायानं म्हणाला तेव्हाच मी भुवई वर केली होती. मग त्यानं बायपासला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून आणली आणि खाली उतरून म्हणाला, “ब्रेक लोणी आहे लोणी. अम्मा, पायात जोर राहिला नाही तुमच्या.”

झालं. हे शेजारीच उभे. हे वाक्य ह्यांनी उचललं, घरी आणलं, आणि बंगळूरला असलेल्या आमच्या चिरंजीवांना फोनवर ऐकवलं. चिरंजीव म्हणाले, “आई, गुडघ्याचा फोटो काढून घे.” मी म्हटलं, “आधी ब्रेकचा काढा.”

आणि मग स्वामीमलैचा तो सकाळचा प्रकार. मूर्ती ओतणाऱ्यांच्या गल्लीत रस्ता अरुंद. कारखान्यासमोर साच्यासाठी आणलेल्या नदीच्या मऊ मातीचा ढीग. दोन रिक्षा, एक गाय आणि एक लग्नाचं वऱ्हाड चुकवत, पुन्हा पुन्हा थांबत मी तिथवर आले, समोरून सायकल आडवी आली, मी ब्रेक दाबला. पेडल हललं नाही. मी वाकडं वळण घेतलं आणि गाडी सावकाश, अगदी संथपणे, त्या मातीच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. कुणाला ओरखडा नाही, काही फुटलं नाही. पण आतल्या बायकांचे टाळ खाली पडले आणि ह्यांचा चेहरा पांढरा झाला. मी फार घाबरले होते, मागे आत्याबाई होत्या ना.

कारखान्याचा मालक बाहेर आला. गाडी मागे घेतली तर मातीत आमच्या बंपरचा आणि नंबरप्लेटचा लख्ख ठसा, उलट्या अक्षरांत. तो बघून म्हणाला, “अम्मा, साचा झकास उठलाय. पितळेत ओतून देऊ?” सगळे हसले. मीही हसले. ह्यांनी मात्र हसण्याचं नाव घेतलं नाही.

त्या दिवसापासून हे गाडीत मांडी घालून बसेनासे झाले. दोन्ही पाय खाली, आणि मी कुठेही वेग कमी केला की ह्यांचा उजवा पाय गाडीचा पत्रा दाबतोय. मला कडेच्या नजरेनं दिसायचं. शेजारी बसलेल्या माणसानं असा पत्रा दाबला की चालवणाऱ्याच्या काळजाला काय होतं, ते ज्यानं गाडी चालवलीय त्यालाच कळेल.

शेवटी एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, “अहो, पाय नाही हो, ब्रेकच कधी कधी कठीण होतो.” तर हे शांतपणे कॉफी फुंकत म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

मी पेला खाली ठेवला आणि त्या क्षणापासून बोलणं बंद केलं. मिरजेकडचा अबोला आहे हा, साधासुधा नाही. आमच्या आईनं एकदा श्रावणात धरला तो गौरीला सोडला होता. सगळं आत्याबाईंमार्फत. “आत्याबाई, ह्यांना सांगा जेवायला वाढलंय.” आत्याबाईंना ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडून सांगायची, ते हे समोर बसून ऐकायचेच, मग आत्याबाई पुन्हा ह्यांना ओरडून सांगायच्या. शेजारच्यांना आमच्या घरातलं ताक आणि भात सगळं कळत होतं.

अबोल्याचा एक तोटा असतो. आपण बोलत नाही तेवढ्यात दुसरा निर्णय घेऊन मोकळा होतो. ह्यांनी आणि चिरंजीवांनी फोनवर ठरवलं, गाडी विकायची. ह्यांनी आत्याबाईंना सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मुद्दे सगळे बरोबर होते, हे मान्य. जीव महत्त्वाचा. बायका मागे असतात. गुडघ्याचा दोष थोडाच आहे, वय आहे. गिऱ्हाईकही मिळालं होतं, केळीची पानं बाजारात पोचवणारा एक तरुण व्यापारी.

दुपारी मी बघते तर आत्याबाई भिंत धरत धरत अंगणात गेल्या होत्या. गाडीतला आपला पाट त्यांनी काढला, पदरानं पुसला, आणि आत आणून देवघरासमोर टाकला. “इथूनच नमस्कार करत्ये आता,” म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. गाडीसाठी रडले असं सांगायला लाज वाटते, पण रडले.

गिऱ्हाईक आलं ते राहुकाळ सुरू व्हायच्या आत व्यवहार उरकायचा म्हणून घाईघाईनं. त्यानं टायर बघितले, रंग बघितला, करकटकाचा हत्ती बघून हसला. मग म्हणाला, चालू करून दाखवा. आता ही गाडी चालू करणं म्हणजे काय, ते माझ्याशिवाय कुणाला येतं? ह्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, आत्याबाईंनी माझ्याकडे. मी पदर खोचला आणि जाऊन बसले.

हे सवयीनं शेजारी येऊन बसले. सवयीनंच डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. मी मान वळवून असं बघितलं ह्यांच्याकडे, की तो श्वास तसाच आत राहिला. परक्याच्या दारी निघालेल्या गाडीला कसला गोविंदा? केळीची पानं वाहणार ती. माझ्या तोंडूनही निघेना. गाडीत चिडीचूप. मी चावी फिरवली.

आठवडाभर उभी असलेली गाडी. सेल्फ कण्हत कण्हत फिरला, कसंबसं इंजिन धरलं, आणि त्याच क्षणी बॉनेटखालून आवाज आला. “कीऽऽच!” मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. दोन श्वास टिकला, मग बारीक होत होत नाहीसा झाला.

मी जागच्या जागी बसून राहिले. तो आवाज मी ओळखला. नुसता ओळखला नाही, मला पिठाचा वास आला. आमच्या गिरणीत सकाळी पहिलं दळण टाकलं की मोटरचा पट्टा असाच किंचाळायचा. मोटर जोरात पळतेय, पण पट्टा ढिला, सटकतोय, जातं काही फिरत नाही. वडील हातातलं टाकून धावायचे. “ओरडला की ढिला समजावं,” म्हणायचे, आणि पट्ट्याला राळ लावायचे. मी परकरातली होते, तेव्हापासून तो आवाज माझ्या कानात बसलेला. आणि सगळा उन्हाळाभर तो रोज माझ्या पुढ्यात ओरडत होता. पण कधी? गाडी सुरू झाल्या झाल्या, पहिल्या दोन श्वासांत. आणि त्याच दोन श्वासांत आम्ही सगळे मिळून काय करत होतो? गोविंदा, गोविंदा!

मी गाडी बंद केली, खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. बेल्ट अंगठ्यानं दाबला. ताठ असायला हवा तो, तर वाळत घातलेल्या लुगड्यासारखा झोल खाल्ला त्यानं. आतली बाजू घासून आरशासारखी चकाकत होती. आणि मग बेल्टच्या मागे डायनामो दिसला, बॅटरी भरणारा. आणि डायनामोच्या पाठीला चिकटलेला एक छोटा गोल डबा, त्यातून निघून ब्रेककडे गेलेली काळी नळी. ब्रेकवाल्यानं ठणठणाटात ओरडून सांगितलेला तो हवा ओढणारा पंप. म्हणजे एकच बेल्ट दोघांना फिरवत होता! तो सटकला की इकडे बॅटरी उपाशी आणि तिकडे ब्रेक दुबळा. मोकळ्या रस्त्यावर इंजिन पळतं तेव्हा निभावतं. बाजारात मुंगीच्या पावलानं चाललं, वर आतले पंखे चालू म्हणून डायनामोवर भार, दर दहा पावलांवर ब्रेक, की बेल्ट जास्तच सटकतो आणि पंपाला दम पुरत नाही. बॅटरीवाला बॅटरीत बघत राहिला, ब्रेकवाला चाकांत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

“विकायची नाही,” मी म्हटलं.

इतक्या दिवसांनी माझा आवाज थेट ऐकून हे दचकले. व्यापारी घड्याळ बघत म्हणाला, “अम्मा, राहुकाळ लागेल, काय ते ठरवा.” मी म्हटलं, “लागू दे. राहूला मी दर आठवड्याला भेटते, ओळख आहे आमची.”

ह्यांना पटलं नव्हतंच. बँकेतला माणूस, पुराव्याशिवाय सही नाही. “बेल्ट वेगळा, ब्रेक वेगळा. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?” मी वाद घातला नाही. चालकाचं दार उघडलं आणि म्हटलं, “या. बसा इथे.”

“मी?”

“तुम्हीच. गुडघा शाबूत आहे ना तुमचा? मग बसा.”

बसले बिचारे. जन्मात पहिल्यांदा स्टेअरिंगसमोर. धोतर सावरत, कुठे हात ठेवावा ते न कळून. मी बाजूनं हात घालून गाडी न्यूट्रल असल्याची खात्री केली, हँडब्रेक ओढलेला बघितला, आणि इंजिन चालू केलं. पुन्हा “कीऽऽच!” मग हेडलाइट लावले, आतले सगळे पंखे लावले. बाजारात असतं तसं सगळं. “आता ते मधलं पेडल दाबा. दाबा, सोडा. पुन्हा दाबा, सोडा. बाजारात मी करते तसं.”

हे दाबू लागले. पहिल्यांदा गेलं आत. दुसऱ्यांदा गेलं. पुढे पुढे ह्यांच्या कपाळाला आठी पडायला लागली. मग पेडल थांबलं. ह्यांनी जोर लावला. मानेची शीर फुगली. दुसरा पाय आणला मदतीला, दोन्ही पायांनी उभे राहिल्यासारखे दाबायला लागले. पेडल ढिम्म.

“दाबा ना! पायात जोर नाही का?”

“अगं, दगड झालाय हा!”

“हो ना? मग ह्या दगडावर पाय देऊन मी सगळ्यांना महिनोन्‌महिने हिंडवलंय.”

हे पाय तसेच पेडलवर ठेवून पुढे काचेतून बघत राहिले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “अशा ब्रेकवर तू आत्याला घेऊन स्वामीमलैहून परत आलीस?” आवाज बारीक झाला होता ह्यांचा, गोविंदाचा आवाज टाकणाऱ्या माणसाचा. माझा सगळा राग तिथेच विरला. इतके दिवस जपून ठेवलेला, चांगला घट्ट मुरलेला राग, आणि असा फुकट गेला. व्यापारी कधी गेला तेही कळलं नाही.

त्यानंतर गंमतच झाली. मी गाडी तशीच सावकाश नेऊन दोन्ही शेडांच्या मधोमध रस्त्यात उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. दोघं बाहेर आले. म्हटलं, आज दोघांनी एका बॉनेटखाली डोकं घालायचं. आधी एकमेकांकडे बघेनात. मग बेल्ट बघितला, आणि तो कुणी बघायला हवा होता ह्यावर दोघांची अशी जुंपली की भांडी ठोकणारेसुद्धा हातोडे थांबवून ऐकायला आले. भांडता भांडताच दोघांनी काम केलं. बेल्ट ताणून धरणाऱ्या पट्टीची खाच झिजली होती, कितीही आवळला तरी गाडीच्या थरथरीनं तो पुन्हा ढिला व्हायचा. पट्टी नवी, बेल्ट नवा. बॅटरीवाल्यानं मीटर लावून मान डोलावली. ब्रेकवाल्यानं मला बसवलं आणि बंद गाडीतच पेडल दाबत राहायला लावलं, ते कठीण होईपर्यंत. “आता पाय तसाच ठेवा आणि चालू करा.” मी चावी फिरवली. इंजिन लागलं आणि माझ्या पायाखालचं पेडल आपण होऊन खाली गेलं, हळूच, श्वास सोडल्यासारखं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांनी माझा पाय मला परत मिळाला.

“बाईच्या पायानं थांबेल ना आता?” मी ब्रेकवाल्याला विचारलं. त्यानं दोन्ही हात जोडले.

घरी आल्यावर ह्यांनी स्वतःहून चिरंजीवांना फोन लावला. आवाज मोठा करून, मला ऐकू जाईल असा. “तिचा पाय बेस आहे,” म्हणाले. “आम्हीच सगळे ओरडत होतो.” आणि आत्याबाईंनी, त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, देवघरासमोरचा पाट उचलला आणि काखेत मारून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. “अहो आत्याबाई, एकादशी परवा आहे,” मी ओरडले. “असू दे की,” म्हणाल्या, आणि पाट गाडीत नेऊन ठेवल्यावरच परत आल्या.

एकादशीला सगळी मंडळी जमली. स्वामीमलैला जायचं होतं. बायका बसल्या, टाळ निघाले, ह्यांनी डोळे मिटले, आणि मी हात वर केला.

“थांबा. आधी मला ऐकू दे.”

सगळे गप्प. मी चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि बॉनेटखालून नुसता इंजिनाचाच आवाज आला, सरळ, न किंचाळता. त्या शांततेत मागून आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, “का गं सगळ्या गप्प? कोण गेलं?” बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.

“बेस?” ह्यांनी मला हळूच विचारलं.

“बेस,” मी म्हटलं. मग ह्यांनी आवाज टाकला. तेव्हापासून आमची रीत अशी झाली आहे. आधी गाडी बोलते, मी ऐकते, मग गोविंदा. देव थोडा थांबतो, त्याची काही तक्रार आलेली नाही.

स्वामीमलैची ती गल्ली तशीच अरुंद, तसाच मातीचा ढीग. बाजारातून थांबत थांबत, पंखे चालू ठेवून आलो होतो. कारखान्याचा मालक आमची गाडी बघताच धावत येऊन ढिगापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला, हसत. तेवढ्यात बाजूच्या दारातून एक बकरी थेट गाडीपुढे आली. मी पाय टेकवला. गाडी तिथल्या तिथे थांबली, इतकी अलगद की आत्याबाईंच्या मांडीवरचा फुलांचा द्रोणही कलंडला नाही. बकरी आपली निवांत गेली.

मी नकळत शेजारी बघितलं, ह्यांचा उजवा पाय कुठे आहे ते बघायला. पाय खाली नव्हताच. हे मांडी घालून बसले होते, दोन्ही पाय वर, डोळे मिटलेले, आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरलेला.